इंग्लंडमध्ये मुलाच्या ताब्याची केस? बॅरिस्टर निवडताना हे विचारा

इंग्लंड-वेल्समध्ये मुलांच्या केससाठी नुसती ‘फॅमिली लॉ’ची पाटी बघून बॅरिस्टर, म्हणजे कोर्टात बाजू मांडणारा वकील, ठरवू नका. त्या पाटीखाली घटस्फोटातल्या पैशाअडक्याचं काम करणारेही असतात. मूल कोणाकडे राहणार, कोणाला कधी भेटणार हा आईवडिलांमधला वाद म्हणजे ‘प्रायव्हेट लॉ’. कौन्सिलने, म्हणजे स्थानिक प्रशासनाने, मूल ताब्यात घेण्यासाठी कोर्टात अर्ज केला, तर ते ‘पब्लिक लॉ’. दोन्हींना १९८९ चा चिल्ड्रन ॲक्ट लागू होतो, पण कामाची पद्धत फार वेगळी. कौन्सिलच्या केसमध्ये आईवडिलांना सहसा उत्पन्न न बघता लीगल एड (सरकारी खर्चाने वकील) मिळते. तिथे आधी सॉलिसिटर (केसची तयारी आणि कागदपत्रं बघणारा वकील) गाठा, बॅरिस्टर तोच नेमेल.

मूल भारतात नेण्याचा किंवा तिथून परत आणण्याचा प्रश्न असेल तर जास्तच जपा. १९८० च्या हेग करारात, म्हणजे बेकायदा परदेशी नेलेलं मूल परत पाठवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात, भारत नाही. म्हणून थेट विचारा: “हेग कराराबाहेरच्या देशाच्या केसेस तुम्ही चालवल्या आहेत का? भारताच्या?” उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा शोधा, नावाला भुलू नका.

सॉलिसिटरशिवाय जायचं असेल तर बॅरिस्टरला ‘पब्लिक ॲक्सेस’ची परवानगी हवी. बॅरिस्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या बार स्टँडर्ड्स बोर्डाच्या ऑनलाइन रजिस्टरवर ते फुकट पाहता येतं. अशा वेळी कागदपत्रं दाखल करणं बहुधा तुमच्याच गळ्यात पडतं. फी लेखी घ्या. आणि चेंबर्सच्या (बॅरिस्टरांच्या सामायिक ऑफिसच्या) क्लार्कला हेही विचारून ठेवा, की सुनावणीच्या दिवशी हे बॅरिस्टर दुसऱ्या कोर्टात अडकले तर कोण उभं राहणार?