पणतीवरचा अ‍ॅक्रिलिक रंग सोलून निघतोय? आधी हे बघा

कुंभारवाड्यातून आणलेल्या पणत्यांचे पापुद्रे निघतात तेव्हा दोष बहुतेक रंगाचा नसतो, भाजलेली माती पाणी शोषते आणि वर धूळ असते म्हणून रंग धरतच नाही. ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग गेसोचा, म्हणजे रंगाआधी लावायच्या अस्तराचा, पातळ हात मारा, ही पायरी खरंच टाळू नका. रंगात पाणी थोडंच, जास्त झालं की बाइंडर (रंग धरून ठेवणारा चिकट घटक) विरळ होतो आणि रंग हाताला लागतो, पातळ करायचाच तर अ‍ॅक्रिलिक मीडियम (रंगद्रव्य नसलेला तोच बाइंडर) घ्या. पुण्यात जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत वार्निशची घाई नको, आत ओल अडकली की पांढुरकं दिसतं. एप्रिलमध्ये उलटं, रंग ब्रशवरच वाळतो, पॅलेटमध्ये ओला टिश्यू ठेवा. आणि पणती पेटवणार असाल तर वातीजवळ रंग अजिबात नको, फक्त बाहेरून रंगवा.