स्टीअरिंग डॅम्पर घेताय? आधी कोनसेट तपासा

स्पोर्टबाइकचं हँडल थरथरलं की आपल्या ठाण्यात पहिला सल्ला मिळतो, ‘डॅम्पर टाकून घे,’ म्हणजे हँडलची थरथर दाबणारं उपकरण बसव. मीही तेच केलं होतं. पाम बीचवर सत्तरच्या वेगात थ्रॉटल सोडला की हँडल डुगडुगायचं. डॅम्पर बसला, डुगडुग थांबली, मी खूश. दोनेक महिन्यांनी पुढचा ब्रेक दाबला की ‘कट्’ असा आवाज यायला लागला, तेव्हा कळलं की कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगची जोडी, ढिला होता. डॅम्परने तो इतके दिवस झाकून ठेवला होता.

म्हणून खरेदीच्या आधी गाडी पॅडॉक स्टँडवर घ्या आणि पुढचं चाक अधांतरी करा. फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांची) खालची टोकं धरून पुढे-मागे हलवा. खटका जाणवला तर कोनसेट सैल आहे. मग हँडल सावकाश एका बाजूकडून दुसरीकडे न्या. बरोबर मध्यावर ते अडकल्यासारखं वाटलं तर बेअरिंगच्या रेसमध्ये, म्हणजे गोळ्या फिरतात त्या कडीत, खाच पडली आहे. घोडबंदर रोडवर रोज ये-जा असेल तर हे नवल नाही, कारण खड्ड्यांचे दणके बसतात तेव्हा हँडल बहुधा सरळच असतं. टायरमधली हवा, चढउतार झिजलेला पुढचा टायर, चाकाचं बॅलन्सिंग, मागे लादलेलं जास्तीचं सामान, हेही बघून घ्या. निम्म्या लोकांचा खर्च इथेच वाचेल असं माझं मत.

दुसरी गल्लत म्हणजे दोन वेगळ्या हालचाली एकच समजणं. हँडल सेकंदाला चार ते दहा वेळा फडफडतं तो वॉबल, आणि डॅम्परचं काम तिथे. जास्त वेगात अख्खी गाडी सापासारखी सावकाश डोलते तो वीव्ह. त्यावर डॅम्पर घट्ट केला तर डोलणं उलट वाढूही शकतं. तिथे मागचं सस्पेन्शन, टायर आणि सामान बघावं लागतं.

आता मापाचं, कारण सगळ्यात महाग चूक इथे होते. लिनिअर डॅम्पर म्हणजे तेलाने भरलेली नळी आणि तिच्यात सरकणारा रॉड. हँडल जितक्या झटक्याने फिरेल तितका तेलाचा विरोध जास्त. हा रॉड सरकतो ते अंतर, म्हणजे स्ट्रोक, तुमच्या हँडलच्या लॉक टू लॉक, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या, प्रवासापेक्षा थोडा जास्त हवा. हँडल सरळ असताना रॉड साधारण मधोमध असावा. स्ट्रोक तोकडा पडला तर फ्रेमवरच्या स्टॉपरच्या आधी डॅम्परच हँडल अडवतो. मग ब्रॅकेट वाकतं, आणि ऐन यू-टर्नला हँडल अर्ध्यातच थांबतं. ‘युनिव्हर्सल’ किटबद्दल मी जरा कडवट बोलतो ते यामुळेच. क्लॅम्प घेताना फोर्कचा व्यास नेमक्या त्या जागी मोजा. यूएसडी (उलट्या बांधणीच्या) फोर्कच्या वरच्या आणि खालच्या नळीचा व्यास वेगळा असतो. रोटरी डॅम्पर (रॉडऐवजी आत फिरणारं पातं असलेला) हँडलच्या वर, नाहीतर खाली बसतो आणि आटोपशीर दिसतो, पण त्याला तुमच्याच मॉडेलचं माउंट लागतं.

डॅम्पर कमी-जास्त घट्ट करायचे टप्पे, म्हणजे क्लिक, किती आहेत यावर भाळू नका. सगळ्यात हलक्या सेटिंगला डॅम्पर किती सैल होतो ते विचारा. एक्स्प्रेस वेवर आणि अटल सेतूवर मोटरसायकलला बंदी, माळशेज फार तर रविवारी. बाकी आठवडाभर माजिवड्याच्या गर्दीत दहा-पंधराच्या वेगाने रेंगाळायचं असतं. तिथे घट्ट डॅम्पर असला की तोल सावरायला हँडल वेळेवर वळत नाही, गाडी झिंगल्यासारखी चालते. होंडाने 2004 च्या सीबीआर 1000 आरआरला इलेक्ट्रॉनिक डॅम्पर दिला तो यासाठीच: कमी वेगात हलका, वेग वाढेल तसा जड. तुमच्या गाडीला कंपनीचाच असा डॅम्पर असेल तर तो काढून साधा लावण्याआधी मीटरवर एररचा दिवा लागेल का, ते विचारून घ्या.

बसवून झाल्यावर सगळ्यात सैल सेटिंगपासून सुरुवात करा आणि एकेक क्लिक वाढवा. दोन्ही बाजूंना फुल लॉक करून ब्रेकचा पाइप, क्लचची केबल, वायरिंग कुठे ताणत नाही ना, टाकीला काही घासत नाही ना, ते बघा.

आणि दुकानातून निघण्याआधी ऑइल सील सुटं मिळतं का, तेही विचारा. पावसाळ्यात रॉडवर चिखल वाळतो, तो सील खातो आणि तेल झिरपायला लागतं. सील मिळत नसेल तर अख्खा डॅम्पर भंगारात.