मित्राला तो प्रश्न कसा विचारावा

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरातील 1,70,924 आत्महत्यांची नोंद आहे. त्यांत दर दहांमागे सात पुरुष होते आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. कौटुंबिक कलह आणि आजारपण ही सर्वाधिक नोंदलेली कारणे असली, तरी असा निर्णय बहुधा एकाच कारणाने होत नाही. कर्ज, दारू, नैराश्य आणि एकटेपणा एकमेकांत गुंतलेले असतात.

पुरुषाचे दुःख पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही. ते चिडचिडीतून, वाढलेल्या पिण्यातून, बेफाम गाडी चालवण्यातून किंवा रोजच्या पानठेल्यावर येणे बंद झाल्यातून दिसते. त्याने ‘माझ्यानंतर’ अशी भाषा सुरू केली, जपलेल्या वस्तू वाटून टाकल्या किंवा दीर्घ तगमगीनंतर तो एकाएकी शांत झाला, तर वाट पाहत न बसता जीव द्यायचा विचार येतो का, हे त्याला विचारावे.

“बरं आहे ना भाऊ?” या प्रश्नाला नागपुरात “चालून राहिलं” हेच उत्तर मिळते आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून घरच्यांसमोर किंवा तो प्यायलेला असताना न विचारता, सेमिनरी हिल्सला सकाळी सोबत चालताना विचारावे, कारण समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी असताना पुरुष सहज बोलतात, असा माझा अनुभव आहे. आधी जे पाहिले ते सांगावे, मग स्पष्ट विचारावे: “महिना झाला, तू धड झोपून नाही राहिला, जेवून नाही राहिला. जीव द्यायचा विचार येऊन राहिला का मनात?” असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे, उलट अनेकांना सुटल्यासारखे वाटते. विचारल्यानंतर मात्र गप्प राहावे. ती अर्ध्या मिनिटाची शांतता फार जड जाते, पण ती आपण भरून काढू नये. “मर्दासारखा राहा”, “लेकरांचा तरी विचार कर” ही वाक्ये मायेने म्हटली तरी त्याची लाज वाढवतात.

उत्तर ‘हो’ आले, तर त्याने काही ठरवले आहे का आणि केव्हा, हेही विचारावे. ठरवले असल्यास त्याला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके व औषधांचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात द्यावा, आणि “कोणाला सांगणार नाही” असे वचन देऊ नये. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची 14416 ही मोफत सेवा चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. धोका तातडीचा असेल तर 112 वर फोन करावा किंवा नागपुरातील मेडिकल अथवा मेयो या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग थेट गाठावा. पोलिसांच्या भीतीने कोणी थांबू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते.

उपचाराला नेताना एक अडचण हमखास येते. प्रादेशिक मनोरुग्णालयासमोरच्या चौकाला लोक आजही ‘पागलखाना चौक’ म्हणतात आणि त्या नावानेच माणूस मागे फिरतो. अशा वेळी मेडिकलच्या मानसोपचार विभागापासून सुरुवात करावी, केसपेपर आपण काढावा आणि रांगेत त्याच्याबरोबर बसावे. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. “काही फरक नाही” म्हणून तो त्या मध्येच सोडू लागला, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू देऊ नये. पुढच्या भेटीची तारीख त्याच्याइतकीच आपल्याही मोबाईलमध्ये असावी.