बटाटा आणि बेकनचे मलईदार सूप

हे सूप दाट होते ते बटाट्यामुळे. क्रीमचे काम शेवटी चव मऊ करण्यापुरतेच असते. हे ध्यानात घेतले, की सगळी काळजी बटाट्याची निवड आणि तो शिजवण्याची रीत यांवर द्यावी लागते हे आपोआप पटते. नखाने साल निघणारा नवा बटाटा शिजल्यावरही चिकट आणि अखंड राहतो, म्हणून बाजारातून जाड सालीचा, शिजल्यावर पिठूळ होणारा जुना बटाटाच पाहून आणावा.

चार जणांसाठी अर्धा किलो बटाटे, चरबीचे पट्टे असलेले 100 ग्रॅम बेकन, एक मोठा कांदा, लसणाच्या चार पाकळ्या, एक तमालपत्र, 700 मिलिलिटर पाणी किंवा बिनमिठाचा चिकन स्टॉक, 200 मिलिलिटर दूध, 100 मिलिलिटर फ्रेश क्रीम आणि ताजी कुटलेली मिरी एवढे साहित्य पुरते.

बेकनचे बोटभर रुंदीचे तुकडे करून ते थंड पातेल्यातच घालावेत आणि मग खाली मंद आच लावावी. तापलेल्या भांड्यात टाकलेले बेकन बाहेरून करपते आणि चरबी मात्र आतच अडकते. आच मंद असली, की आधी पाणी सुटून जोराचा तडतडाट होतो, पाणी आटल्यावर आवाज बारीक होत जातो आणि पांढरे पट्टे पारदर्शक होऊन सोनेरी होऊ लागतात. ह्याच टप्प्यावर तुकडे निथळून बाजूला काढावेत. पातेल्यात उरलेली चरबी दोन मोठे चमचे एवढीच ठेवावी. वेगळे तेल किंवा लोणी घालण्याची गरज नाही. धुरी दिलेल्या बेकनचा सगळा वास ह्या चरबीत उतरलेला असतो.

तिच्यात बारीक चिरलेला कांदा आणि लसूण रंग न चढू देता मऊ करून घ्यावा. त्यावर बटाट्याचे सारख्या आकाराचे चौकोनी तुकडे, तमालपत्र आणि पाणी घालून, सुरी सहज आरपार जाईपर्यंत, म्हणजे साधारण 15 ते 20 मिनिटे, झाकण ठेवून शिजवावे. मीठ अजून घालू नये, कारण बेकन मुळातच खारट असते.

आता मिक्सरचा मोह टाळावा. वेगाने फिरणाऱ्या पात्यांनी बटाट्यातील पिष्टकण फुटतात आणि सूप खळीसारखे चिकट होते. तमालपत्र काढून, पावभाजीच्या मॅशरने पातेल्यातच दोन तृतीयांश बटाटे ठेचावेत आणि उरलेले तुकडे तसेच राहू द्यावेत. दाताखाली येणारे ते तुकडे मला ह्या सूपात फार महत्त्वाचे वाटतात.

कोमट दुधात आधी पळीभर गरम सूप मिसळून मगच ते पातेल्यात ओतावे, त्यानंतर क्रीम घालून मंद आचेवर फक्त तापवावे. उकळी फुटू दिली तर क्रीम फाटण्याचा धोका असतो. मीठ चाखून घालावे, मिरी मात्र हात सैल सोडून.

गोव्यात बेकनऐवजी घरी असलेले चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज, वापरावे असे वाटणे स्वाभाविक आहे, पण त्यात व्हिनेगर असते आणि आंबटपणाने दूध नासते. चोरीस वापरायचेच असेल तर दूध आणि क्रीम दोन्ही वगळून पाण्यातच सूप करावे आणि शेवटी पालकाची बारीक चिरलेली पाने घालावीत. पोर्तुगालच्या ‘काल्दो व्हेर्द’शी, म्हणजे बटाटा, हिरवा पाला आणि सॉसेजच्या सूपाशी, त्याचे जवळचे नाते आहे.

बेकनचे कुरकुरीत तुकडे आणि कांद्याची पात वाढताना वरून घालावी, आधी घातल्यास तुकडे भिजून नरम पडतात. सोबत पोदेराकडचा, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याकडचा, कडक सालीचा उंडो पाव असावा. उरलेले सूप फ्रिजमध्ये गोठल्यासारखे घट्ट होते; दुसऱ्या दिवशी थोडे दूध घालून, मंद आचेवर ढवळत राहिल्यास ते पुन्हा पूर्ववत होते.