अक्षरी रकमेला दोन ओळी सोडा

उद्यमनगरातल्या वर्कशॉपचं बिलबुक छापायला टाकताना ‘अक्षरी रक्कम’ला एकच ओळ ठेवू नका. १,७९,५८९ लिहून बघा: ‘एक लाख एकोणऐंशी हजार पाचशे एकोणनव्वद रुपये फक्त’. मावतंय होय एका ओळीत? (एकोणऐंशी-एकोणनव्वदची गल्लत माझीही होते; मोठ्यानं वाचूनच लिहितो.) सुरुवात अगदी डावीकडून करा आणि ‘फक्त’नंतर उरलेल्या जागेत आडवी रेघ मारा, नाहीतर कुणीही शब्द घुसवेल. कॉम्प्युटरचं बिल ‘वन हंड्रेड सेव्हन्टी नाइन थाउजंड’ म्हणत असेल, तर सेटिंग लाख-कोटीवर आणा. चेकवर जास्त जपा. आकडा आणि अक्षर जुळलं नाही, तर १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यानुसार (चेक-हुंडीचा कायदा) अक्षरी रक्कम धरायची. पण बँक बहुतेक वेळा चेक परतच पाठवते.