४ × १०० मीटर रिले: बॅटन हातातून हातात कसा जातो

रिलेत शर्यत बहुतेक वेळा पायांत नाही, हातांत हरते. बॅटन २८ ते ३० सेंमी लांब, वजन किमान ५० ग्रॅम. पहिला धावक तो उजव्या हातात धरून लेनच्या आतल्या कडेने वळण घेतो. दुसऱ्याने बाहेरच्या कडेला उभे राहून डाव्या हातात घ्यायचा, तिसऱ्याने उजव्या, चौथ्याने डाव्या. घेतल्यावर हात बदलू नये. बॅटन सुटण्याची ती हमखास जागा.

बॅटन ज्या पट्ट्यातच हातातून हातात जायला हवा तो बदलाचा पट्टा ३० मीटरचा. पंच धावकाचे पाय बघत नाहीत, बॅटन कुठे आहे ते बघतात.

खरे काम खुणेचे. घेणाऱ्याच्या उभ्या जागेपासून मागे टाचेला पंजा लावत साधारण २० ते २५ पावले मोजून लेनमध्ये चिकटपट्टी लावा (कमाल ५ × ४० सेंमी, एकच). देणारा खुणेवर आला की घेणाऱ्याने पूर्ण जोराने सुटायचे, मागे न बघता. देणाऱ्याच्या हाकेवर हात मागे, तळवा स्थिर. हात आधीच काढला तर वेग पडतो.

देणारा जवळ पोचतच नसेल तर खूण एक पाऊल पुढे, म्हणजे घेणाऱ्याकडे घ्या. अंगावर येत असेल तर मागे. मात्र ही तपासणी पूर्ण वेगातच करा. जॉगिंग करत जुळवलेली खूण स्पर्धेत चुकतेच.

बॅटन पडला तर ज्याच्या हातून पडला त्यानेच उचलायचा. दिल्यावर ट्रॅक मोकळा होईपर्यंत आपली लेन सोडू नका.