डोळ्यांखालची काळी सावली अशी गेली

मावसबहिणीचे फोटो पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर भर दुपारी १२ वाजता काढले. ऊन थेट डोक्यावर, त्यामुळे डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खोबणी.

दुसऱ्या दिवशी तिला पणजीतल्याच फोंतेन्हास या जुन्या वस्तीच्या गल्लीत सावलीत उभं केलं, तर समोरच्या उन्हातल्या पिवळ्या भिंतीची झाक एका गालावर आली. एकाच बाजूला असल्याने व्हाइट बॅलन्सने, म्हणजे अख्ख्या फोटोची रंगछटा एकदम बदलणाऱ्या सेटिंगने, ती जाईना. चार पावलं पुढे सरकलो, पांढरं थर्माकोल तिच्या छातीखाली आडवं धरलं आणि डोळ्यांत लगेच चमक उतरली! खांदे जरा तिरके, वजन मागच्या पायावर. हातांना ओढणीचं टोक दिलं, तेव्हा कुठे ती सैलावली.

रिटचिंगमध्ये फक्त एक पुटकुळी काढली. हनुवटीवरचा तीळ तसाच ठेवला, तो तिचा आहे.